उपेक्षा म्हणजे त्याग नव्हे

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या वृद्ध पित्यासाठी हेमगर्भाची मात्रा मिळेल का, असे विचारीत एक गृहस्थ प्रस्तुत लेखकाकडे आले. थोड्याच वेळात मनातला खरा प्रश्न बाहेर पडला, "वैद्यराज, यंत्र काढा असे आम्हीच सांगितले, तर ते पाप ठरेल का?" मात्रा मी दिली नाही. उत्तरही देता आले नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली असून मृत्युपंथास लागलेल्या रुग्णाविषयी 'उपेक्षा' सांगितली आहे. आपल्यातील काही वैद्यबंधू तिचा अर्थ हात झटकणे असा करतात. मला तो मान्य नाही. व्याधीशी चाललेली झुंज थांबते. वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाही.

मात्र रुग्ण बोलूच शकत नसेल, तर ती वेळ आली हे कोणी ठरवावे? अरुणा शानबाग यांचे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या सुमारे ४२ वर्षे केईएम रुग्णालयात होत्या. त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेस नव्हे, तर शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांस असल्याचे मानले. २०१५ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्याने अंग पुसले, घास भरविला, त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

पुढे २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. इच्छापत्र नसल्यास निकटच्या नातलगांची संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत लागते. यंत्र काढण्याचा निर्णय आपला नाही, हे उघड आहे. परंतु इच्छापत्राची एक प्रत कुटुंबाच्या वैद्यकास द्यावी, असेही त्या सूचनांत आहे, आणि तालुक्याच्या गावी तो वैद्यक पुष्कळदा आपणच असतो. रुग्ण चालता-बोलता असतानाच हा विषय काढणे आपल्यालाच शक्य आहे.

औषधालयांच्या चालकांसही एक विनंती. अशा नातलगांस हेमगर्भ विकणे सोपे असते, पण नळीवाटे ते देण्याची घाई रुग्णासाठी नसते.

त्या गृहस्थांचे वडील वीस वर्षे माझ्याकडे येत असत. "मला नळ्या लावून ठेवू नका," असे ते एकदा म्हणालेही होते. त्या दिवसाच्या केसपेपरवर माझ्या हस्ताक्षरात नाडी, जिव्हा आणि मलप्रवृत्ती एवढीच नोंद आहे.