संस्थेची वेबसाइट अंध व्यक्तीला वाचता येते का?

डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केलं. तो खटला केवायसीचा होता. पण अडथळे मंडळं आणि ट्रस्टच्या वेबसाइटवरही असतात.

शिष्यवृत्तीची सूचना स्कॅन करून टाकली, तर ती स्क्रीन रीडरसाठी नुसतं चित्र ठरते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली मराठी तर निरर्थक अक्षरं म्हणून वाचली जाते. तोवर एखाद्या अंध विद्यार्थ्याची अर्जाची मुदत निघून जाते.

उपाय खर्चिक नाहीत: सूचना युनिकोडमध्ये टाइप करणं, फोटोंना वर्णन जोडणं आणि माउसशिवाय अर्ज भरता येतो का, हे तपासणं.