सरळ लावलेलं झाड

कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात चारपाच मजली इमारतीएवढं जिवंत झाड उभं होतं. त्याच्याखालून आमच्या सोसायटीची पंधरावीस मुलं मान वर न करता पुढे गेली. त्यांना फिरवणाऱ्या तरुणानं सगळ्यांना थेट एका मॉलमधल्या प्लॅस्टिकच्या झाडापुढे नेऊन उभं केलं आणि त्यावर किती दिवे आहेत, किती चेंडू आहेत, ते उभं करायला किती माणसं लागली, हे हौसेनं सांगितलं. मुलांना आणलं होतं ख्रिसमस ट्री बघायला. मी बरोबर गेलो होतो तो मोठ्यांपैकी कुणीतरी हवं म्हणून. घरी येईपर्यंत माझा राग काही उतरला नव्हता.

तरीही नाताळच्या दिवसांत कॅम्प पायी फिरावा, हे मी इथे दर डिसेंबरात लिहितो आणि आजही लिहितो. १८२५ सालचं सेंट मेरीज चर्च बघा. सिटी चर्च तर त्याहून जुनं. त्याला जागा दिली सवाई माधवरावांनी, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. चर्चच्या आवारातले गव्हाणीचे देखावे बघा, ईस्ट स्ट्रीटवर कयानीच्या रांगेत उभं राहून मावा केक घ्या. २४ तारखेच्या रात्री महात्मा गांधी रस्त्यावरची गर्दी ज्यांना मानवते त्यांनी तीही बघावी. तेवढं झालं की एखाद्या जुन्या आवारापाशी थांबून मान वर करावी. माझं म्हणणं एवढंच होतं.

तर ते झाड. आपण ज्याला सर्रास ख्रिसमस ट्री म्हणतो आणि सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीवाले ज्याला अरोकेरिया म्हणतात, ते युरोपातलं फर नाही. फरला पुण्याचा उन्हाळा सोसत नाही. हे झाड आलंय प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाहून. कॅप्टन कुक १७७४ मध्ये त्या बाजूला गेला तेव्हा लांबून किनाऱ्यावर उंच सुळके दिसले. जहाजावरचे काही विद्वान म्हणाले, हे बेसाल्टचे खांब आहेत. कुकचं मत पडलं की झाडं आहेत, आणि यावर लोकांनी पैजा लावल्या. जवळ गेल्यावर झाडंच निघाली. म्हणून याचं नाव कुक पाइन. याचाच भाऊबंद नॉरफोक पाइन, आणि नर्सरीत दोघांची सरमिसळ कायम चालू असते. लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. वाढल्यावर मात्र कुक पाइन अंगानं अरुंद राहून खांबासारखा वर जातो. त्याची खाली पडलेली डहाळी हातात घेऊन बघा: बारीक खवल्यांसारखी पानं एकावर एक अशी बसवलेली असतात की घट्ट विणलेली वेणीच वाटावी.

परतताना एका मुलीनं त्या तरुणाला विचारलं, “दादा, ते झाड वाकडं का आहे? पडणार आहे का?” म्हणजे निदान एकीनं तरी वर बघितलं होतं. तो म्हणाला, “वाऱ्यानं झालं असेल.” हे उत्तर मी मुळशीत फार ऐकलंय, आणि त्यापायी एका माणसाचं नुकसान झालेलंही बघितलंय.

भूगाव ओलांडून पिरंगुट, पौड करत धरणाकडे जायला लागा. दोन्ही अंगांना बंगल्यांची फाटकं आणि बऱ्याच फाटकांच्या दोन बाजूंना दोन ख्रिसमस ट्री. मालक मुंबईला किंवा कोथरूडला, बंगल्यावर शनिवार-रविवार. झाडांचं बघणार गावातला माळी. आमच्या ओळखीतल्या अशाच एका बंगल्यावर चारपाच वर्षांपूर्वी ही जोडी लावली. लावणाऱ्यानं ओळंबा धरून लावली, मी तिथे उभा होतो. झाडं पुरुषभर उंच झाली आणि हळूहळू कलायला लागली, दोन्ही एकाच बाजूला. मालकांचा मला फोन आला, “काका, तुम्ही जवळ राहता म्हणून सांगतो. त्याला झाडं लावता येत नाहीत. माझ्या फाटकाची शोभा घालवली. त्याचे पैसे कापतोय मी.” आणि खरोखरच कापले. बांबू नि तार आणायचा खर्चही त्याच्याच अंगावर टाकला.

मी त्याला भेटलो तेव्हा तो झाडाला ताण देत होता. म्हणाला, “दादा, लावलं तवा सरळच व्हतं, तुमी बगितलंय. मी एका अंगाला वढतो, ते आपल्या मनानं दुसरीकडं वळतंय. मी काय करू?” तार सालीत रुतली होती आणि तिथून चीक गळत होता. मी तार सैल करायला लावली. पुढे मालकांशी बोललो, पण ते वारा आणि माळी यांच्यापलीकडे जायला तयार नव्हते.

आता वाऱ्याचंच बघू. मुळशीत झोडपणारा वारा कुठला? पावसाळ्यातला, ताम्हिणीच्या अंगानं येणारा, म्हणजे पश्चिमेचा. त्यानं झाड वाकलं असतं तर पूर्वेकडे वाकलं असतं. आमच्या रस्त्यावरची ही झाडं कलली आहेत दक्षिणेकडे. एका फाटकातलं, दुसऱ्या फाटकातलं, पलीकडच्या रिसॉर्टमधलं, सगळी त्याच दिशेला. इतक्या माळ्यांनी ठरवून एकाच बाजूला वाकडी लावली, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो.

खरं कारण झाडातच आहे, आणि ते कुणीतरी मोजूनही ठेवलं आहे. कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांना कुक पाइन नेहमी दक्षिणेला झुकलेला दिसायचा. त्यांनी पाच खंडांतल्या १८ ठिकाणची २५६ झाडं मोजली आणि २०१७ मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. हे झाड विषुववृत्ताच्या दिशेनं कलतं. उत्तर गोलार्धात लावलेलं दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात लावलेलं उत्तरेकडे. सरासरी कल साडेआठ अंशांचा, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका तो वाढत जातो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एक झाड तर ४० अंश कललेलं आढळलं. या नियमात न बसणारी झाडं दहांत एकही भरली नाहीत. असं का होतं याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. जास्त ऊन मिळवायची ती सोय असावी, असा संशोधकांचा कयास आहे. आपण साडेअठरा अक्षांशावर, तेव्हा आपल्याकडे कल बेताचा, पण फाटकाच्या सरळ खांबाशेजारी तो लगेच नजरेत भरतो.

तुम्हीही ताडून बघा. या दिवसांत आपल्याकडे सूर्य दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे बरोबर दक्षिणेला येतो. त्या वेळी झाडापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला जरा लांब उभं राहा, म्हणजे कल नीट दिसेल. तुमची सावली उत्तरेला पडलेली असेल आणि झाडाचा शेंडा तिच्या उलट बाजूला गेलेला असेल. मुलांना घेऊन करा हे. शाळेत न शिकवलेला भूगोल त्यांना एका दुपारी कळेल, आणि त्यासाठी मॉलमध्ये जायला नको.

नाताळासाठी झाड विकत घ्यायला निघालेल्यांनाही सांगतो. कुंडीतलं हातभर रोप बघून तुम्ही ते फाटकाला, भिंतीला चिकटून, विजेच्या तारेखाली लावता. आपल्या मायदेशी हे झाड ६० मीटरपर्यंत जातं. आपल्याकडे तेवढं जाणार नाही, पण तारेला नक्की पोचेल. मग एक दिवस कुणीतरी येऊन त्याचा शेंडा छाटतो. शेंडा गेला की या झाडाची मूळची घडण परत येत नाही. लावायचंच असेल तर मोकळ्यावर लावा, दक्षिणेला जागा सोडून. नाहीतर कुंडीतच ठेवा, दिवे लावा, नाताळ झाला की उजेडात ठेवून पाणी घाला. आणि झाड हवं म्हणजे हेच हवं असंही नाही. किनारपट्टीवर सुरूची फांदी आणून सजवणारी घरं आहेत. देशात कितीतरी ख्रिस्ती घरांत दारची केळ किंवा आंबा सजतो आणि सण तितकाच थाटाचा होतो. मुळशीत जांभूळ आहे, हिरडा आहे, आपल्याच मातीतली, इथला पाऊस अंगवळणी पडलेली झाडं. फाटकाशी एक अरोकेरिया लावलात तर आत दोन जांभळं लावा. तुमच्या नातवंडांना आणि पाखरांना दोघांनाही उपयोगी पडतील.

राहिला माळी. मुळशीतल्या बंगलेवाल्यांना माझी विनंती आहे. झाडाला बांधलेल्या तारा या शनिवारी सोडवा. त्या त्याला सरळ करणार नाहीत, फक्त त्याची साल कापतील. आणि झाड वाकडं झालं म्हणून ज्यांनी माळ्याचे पैसे कापले असतील, त्यांनी ते नाताळच्या आत त्याला परत द्यावेत. त्यानं झाड सरळच लावलं होतं.