इन्सब्रुकला जाताय? पहिला दिवस डोंगराला देऊ नका

युरोप टूरला निघालेले साठीचे पेशंट गोळ्या लिहून घ्यायला येतात, तेव्हा मी आधी विचारतो, डोंगरावर कोणत्या दिवशी जाणार?

ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक शहर सुमारे ५७५ मीटर उंचीवर आहे. तिथून केबल कारने २,२५६ मीटरवरच्या हाफेलेकारला साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. वर समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश ऑक्सिजन मिळतो. उभं राहून फोटो काढायला बहुतेकांना काही होत नाही. त्रास होतो तो पुढच्या चढावर. डोंगरात अचानक हृदय बंद पडण्याचा धोका पहिल्याच दिवशी, सवय नसताना केलेल्या श्रमांमुळे जास्त असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिला दिवस ‘सोनेरी छपरा’भोवतीच्या जुन्या शहरात, सपाटीवर फिरा. रात्री पूर्ण झोप घ्या. हृदयरोग, मधुमेह किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना दाखवून, निघण्याआधी महिना-दोन महिने रोज चालून मगच ट्रेक ठरवा. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.

छातीत दुखलं किंवा बसूनही दम जिरला नाही, तर लगेच ११२ ला फोन करा. ‘पैसे भरलेत, चढूया’ हा हिशेब हृदयाला कळत नाही.