स्काऊटच्या ताऱ्यांची बाजू

'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचा गेम खेळणाऱ्यांचा एक ठाम आक्षेप आहे: त्यातला स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, खेळाडूंना जे तारे देतो, ते भरवशाचे नसतात. साडेचार ताऱ्यांचा पोरगा तीन हंगामांत बाकावर बसतो आणि अडीचवाला कप्तान होतो. तेव्हा स्काऊटवर पैसा घालवू नका, लपलेले आकडे उघड करणारं सॉफ्टवेअर वापरा. हा सल्ला साफ चुकीचा आहे.

गेमच्या पोटात प्रत्येक खेळाडूची आजची कुवत आणि पुढची झेप २०० च्या मोजपट्टीवर लिहिलेली असते, हे खरं. स्काऊटला ती दिसत नाही; तो अंदाज बांधतो. त्याच्या पारखीलाही २० पैकी गुण असतात, त्यामुळे ५ गुणांचा माणूस चुकणारच. शिवाय तारे आपल्याच संघाच्या तुलनेत मिळतात. खालच्या विभागातल्या क्लबला चार ताऱ्यांचा वाटणारा बचावपटू बड्या क्लबच्या अहवालात एका ताऱ्यावर येतो. यात थाप कुठे आली? एका सामन्यावरचा शेरा आणि हंगामभर पाहून दिलेला शेरा यांना सारखंच वजन देणारेच पुढे फसल्याची तक्रार करतात. आणि लपलेली झेपसुद्धा फक्त कमाल मर्यादा असते. सामने आणि सराव मिळाला नाही तर खेळाडू तिथवर पोचत नाही.

खऱ्या मैदानावर तर पोटात लिहिलेला आकडाच नसतो. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूच बिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. तेव्हा त्याला पाच तारे देणारा जाणकार चुकला असं मी म्हणणार नाही. भारताच्या मुख्य संघात मात्र तो आला नाही. उलट बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसचा धावपटू म्हणून तिथेच घडला आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य घेऊन आला.

गेममध्ये जिथे स्काऊट गेलेला नाही, तिथल्या अनोळखी खेळाडूंचे बरेचसे गुण झाकलेले राहतात. आक्षेप घ्यायचाच तर तो या कोऱ्या रकान्यांवर घ्या. असे कोरे रकाने खऱ्या मैदानावरही असतात. कनेरगाव नाका हे गाव हिंगोली–वाशीम रस्त्यावर, मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर आहे. क्रिकेटच्या कारभारात हिंगोली पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे, लगतचा वाशीम जिल्हा नागपूरच्या विदर्भ संघटनेकडे. टेनिस बॉलच्या एकाच स्पर्धेत खेळणाऱ्या दोन पोरांची निवड दोन शहरांत होणार, आणि दोन्ही शहरं लांब. अशा पोराला कमी तारे मिळाले तर निदान भांडता येतं. त्याला कुणी पाहिलंच नाही, तर भांडायचं कशावर?

न पाहिलेल्या पोरांपर्यंत पोचता येतं. बीसीसीआयने २००२ मध्ये दिलीप वेंगसरकरांच्या हाताखाली गुणवत्ता शोधणारी शाखा सुरू केली. तिच्यासाठी प्रकाश पोद्दार जमशेदपूरला जाऊन बसले, महेंद्रसिंग धोनीला पाहिलं, शिफारस केली. धोनी त्या शाखेच्या वयोमर्यादेबाहेर होता. वेंगसरकरांनी अट सैल केली. पोद्दारांची नजर तेज होतीच, पण ती नजर जमशेदपूरपर्यंत पोचवणारी व्यवस्थाही तेव्हा होती.

म्हणून पुणे आणि नागपूर या दोन्ही संघटनांकडे माझी मागणी आहे: हिंगोली-वाशीमच्या सीमेवरचे सामने पाहायला दर हंगामात माणूस पाठवा, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अहवालात किती सामने पाहिले ते लिहा, अंदाज एका आकड्यात न कोंबता 'इथपासून इथवर' असा द्या, आणि तो अहवाल एकमेकांना दाखवा.