जगदीशचंद्रांची पितळी तोफ आणि ५०,००० प्रयोगशाळा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तोवर सुमारे १०,००० प्रयोगशाळा स्थापन झाल्या होत्या आणि निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. घोषणेचे स्वागतच व्हायला हवे. मात्र तिच्याविषयीची बहुतेक चर्चा त्रिमिती मुद्रक, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग अशा यादीपाशीच थांबते. स्वतःच्या हातांनी काही घडवताना विद्यार्थ्याच्या आत काय घडते, हा प्रश्न त्या यादीत मावत नाही. त्याचे एक उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कोलकात्यात सापडते.

१८६९ साली जगदीशचंद्र बोस नावाचा मुलगा फरीदपूरहून कोलकात्यास शिकायला आला. काही महिने हेअर स्कूलमध्ये काढून तो सेंट झेवियर्स शाळेत दाखल झाला. इंग्रजी बेताचे, भोवती बहुतांशी युरोपीय मुले आणि घरचे माणूस जवळ नाही. या एकटेपणावर त्याने स्वतःच उपाय शोधला. वसतिगृहाच्या आवारातील एका कोपऱ्यात त्याने बाग केली, नळ्यांतून पाणी खेळवून छोटा ओहोळ वाहता केला, त्यावर पूल बांधला आणि खाऊच्या पैशांतून प्राणी पाळले. कोणत्याही शिक्षकाने हा ‘प्रकल्प’ नेमून दिला नव्हता आणि त्याला गुणही मिळणार नव्हते.

वडील भगवानचंद्र बोस त्या काळात बर्दवानला सरकारी अधिकारी होते. तापाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताचा धंदा शिकता यावा म्हणून त्यांनी आपल्याच आवारात सुतारकाम, धातूचे कातकाम आणि ओतकाम यांची कर्मशाळा उघडली होती. सुटीत घरी आलेल्या जगदीशला तेथील कारागिरांची गोडी लागली. घरातील फुटकी पितळी भांडी गोळा करून त्याने त्यांच्या मदतीने एक लहानशी तोफ ओतून घेतली. पितळ वितळताना कसे दिसते आणि साचा चुकला की काय होते, हे कळण्याची जागा वर्गाबाहेर होती. शिकवणारी माणसेही पदवीधर नव्हती.

पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर युजीन लाफों यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवत पदार्थविज्ञान शिकवले आणि या मुलाची वाट ठरली. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये बोस प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे बनवली. १८९५ मध्ये त्यांनी कोलकात्यात जाहीर प्रयोग केला. भिंतींपलीकडे पाठवलेल्या अदृश्य विद्युतचुंबकीय लहरींनी घंटा वाजली आणि दारूने पेट घेतला. या लहरींची लांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणण्यात त्यांना यश आले होते. लहर आखूड झाल्यामुळे उपकरण टेबलावर मावू लागले आणि प्रकाशाचे प्रयोग विद्युतलहरींवर करून पाहता आले.

या प्रयोगांतील साहित्य पाहण्यासारखे आहे. छापील पानांचे जाड पुस्तक लहरींच्या वाटेत धरले, की पानांना समांतर आणि पानांना आडव्या कंपनांवर त्याचा परिणाम निरनिराळा होतो, म्हणजेच पुस्तक ध्रुवक ठरते. बोसांनी त्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक वापरून दाखवले. १८९८ च्या सुमारास त्यांनी तागाचे तंतू पिळून त्यांच्या जुड्या केल्या. उजवा पीळ आणि डावा पीळ लहरींच्या कंपनाची दिशा परस्परविरुद्ध बाजूंना वळवतात, हे त्यांनी दाखवले. साखरेच्या द्रावणातील रेणू प्रकाशाचे जे करतात, त्याची ही हाताएवढी प्रतिकृती होती. वेळापत्रक आणि बंगालच्या शेतातला ताग यांत उपकरण दिसण्यासाठी जी नजर लागते, ती फुटक्या भांड्यांत तोफ पाहिलेल्या मुलाकडे असणे स्वाभाविक आहे.

१९१५ मध्ये विक्रमपूर येथील परिषदेत बोलताना बोसांनी आपल्या बालपणाकडे वळून पाहिले. मुलांना इंग्रजी शाळेत घालणे ही प्रतिष्ठेची खूण मानली जात असताना त्यांना आधी बंगाली पाठशाळेत पाठवले गेले. तेथे एका बाजूला वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातील जिवांच्या गोष्टी त्या मुलांकडून ऐकताना निसर्गाविषयीचे कुतूहल जागे झाले असावे, असे त्यांना वाटत होते. जगन्मान्य झालेला शास्त्रज्ञ आपल्या घडणीचे श्रेय एका कोळ्याच्या मुलाला देत होता, ही गोष्ट शिक्षणव्यवस्थेने विसरता कामा नये.

कारण खरी अडचण यंत्रांच्या अभावाएवढीच हातांच्या कामाविषयीच्या तुच्छतेची आहे. आपल्या समाजात डोक्याचे काम आणि हाताचे काम यांच्यामध्ये जातीची भिंत शतकानुशतके उभी राहिली. त्यामुळे प्रकल्प ‘करण्याची’ नव्हे, ‘सादर करण्याची’ गोष्ट बनली. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून थर्मोकोलचा ज्वालामुखी येतो, रात्री आईवडील तो रंगवतात आणि सकाळी विद्यार्थी पाठ केलेली माहिती म्हणून दाखवतो. दुकानातील थर्मोकोलऐवजी पेटीबंद यांत्रिक संच आला, तर खर्च वाढेल, विद्यार्थी मात्र तेथेच राहील.

दुसरी वाट महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू करून ग्रामीण मुलांना लोहारकाम, बांधकाम, विद्युतजोडणी आणि शेती यांतून विज्ञान शिकवले. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनही असते.

दहावी-बारावीच्या परीक्षा आणि प्रवेशांची चढाओढ असताना एवढा वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पालकांची भीती खरी आहे आणि शिक्षकांवरील कामांचा बोजाही खरा आहे. म्हणूनच नव्या प्रयोगशाळांबाबत तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरायला हवा. वेळापत्रकात प्रयोगशाळेचा तास नेमलेला असावा आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात अडकून राहू नये. अनुदानातील काही भाग गावातील सुतार, वेल्डर आणि वायरमन यांच्या मानधनासाठी असावा आणि त्यांना वर्गात शिक्षकाचा मान मिळावा. मूल्यमापन तयार वस्तूपेक्षा विद्यार्थ्याच्या वहीचे व्हावे. काय करून पाहिले, कोठे फसले, दुसऱ्यांदा काय बदलले, याची त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली नोंद पाहिली जावी. अशी नोंद दुकानात विकत मिळत नाही.

उत्तरायुष्यात बोसांनी वनस्पतींची वाढ सुमारे १०,००० पट मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले. झाड वाढत असते, पण ती वाढ डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांना असे यंत्र लागले. मुलाची वाढही अशीच सावकाश होते. वितळलेला साचा पुन्हा भरताना, न पेटलेला दिवा तिसऱ्यांदा जोडताना, मित्राचे चुकलेले मोजमाप न हसता दुरुस्त करताना ती होत असते. गुणपत्रिकेत तिला रकाना नाही. शेजारी उभे राहून वाट पाहणाऱ्या शिक्षकाला मात्र ती दिसते. ५०,००० खोल्या बांधायला पाच वर्षे पुरतील, पण असे शिक्षक घडवण्याचे काम आजच सुरू करावे लागेल.