विधान परिषद : मागच्या दाराचे सभागृह

पश्चिम बंगालच्या विधानसभेने जुलै २०२१ मध्ये विधान परिषद पुन्हा स्थापन करण्याचा ठराव संमत केला. हीच परिषद १९६९ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने पुढाकार घेऊन मोडीत काढविली होती. संसदेने कायदा केल्यावाचून अशा ठरावाला अर्थ नाही, हे खरे; पण ज्या सभागृहाला मूठमाती दिली गेली, ते उकरून काढण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना का व्हावा?

उत्तर परिषदेच्या अधिकारांत सापडणार नाही. विधानसभेचे विधेयक ती पहिल्या खेपेस तीन महिने, दुसऱ्या खेपेस एक महिना रोखू शकते. धन विधेयक फक्त चौदा दिवस. उत्तर आहे ते तिच्या सदस्यत्वाच्या रचनेत.

महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. या यादीत गिरणी कामगार कोठे आहे? शेतमजूर कोठे आहे? पदवी मिळून तीन वर्षे झालेल्याला मत आहे. त्याला शिकविण्यासाठी जन्मभर राबलेल्या बापाला नाही. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेच्या खालचा शिक्षक बसत नाही; म्हणजे खेड्यातील मुलाला पहिले अक्षर गिरवायला लावणारा प्राथमिक शिक्षक ‘शिक्षक’च नव्हे! महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या सदस्याला मत आहे, ग्रामपंचायतीच्या सदस्याला नाही. १९३५ च्या कायद्याखालील प्रांतिक परिषदांत मालमत्ता मतदार ठरवीत असे. आज मालमत्तेची जागा पदवीने आणि पदाने घेतली आहे. सामान्य माणूस तेव्हाही उंबऱ्याबाहेर होता, आजही आहे.

घाईने केलेल्या कायद्यांना विद्वानांचा लगाम हवा, असे परिषदेचे समर्थक सांगतात. अनुभव काय सांगतो? महाराष्ट्रात साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांसाठी राखलेल्या बाराही जागा २०२० च्या मध्यात रिकाम्या झाल्या. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावे पाठविली. जून २०२२ मध्ये ते सरकार पडेपर्यंत राज्यपालांनी निर्णयच दिला नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर आली असताना, त्यांतील सात जागा भरल्या गेल्या. महापालिका व जिल्हा परिषदांवर प्रशासक बसल्याने स्थानिक संस्थांच्या अनेक जागाही मतदारांअभावी ओस पडल्या. एवढ्या काळात विद्वत्तेच्या लगामावाचून राज्याचे काय अडले? मध्य प्रदेशासाठी तर १९५६ मध्ये घटनादुरुस्तीने परिषदेची तरतूद झाली, पण परिषद कधी अस्तित्वातच आली नाही.

आंध्र प्रदेशचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील परिषद १९८५ मध्ये गेली, २००७ मध्ये परतली. जानेवारी २०२० मध्ये तिने राजधानीविषयीची विधेयके अडविताच सरकारने ती बरखास्त करण्याचा ठराव केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये, परिषदेत बहुमत हाती आल्यावर, तोच ठराव मागे घेतला! तत्त्व बदलले नव्हते. बाके बदलली होती. निवडणुकीत पडलेल्यांचे पुनर्वसन आणि तिकीट नाकारलेल्यांची समजूत, हे परिषदेचे खरे कार्य. जनतेने समोरच्या दारातून हाकललेला माणूस मागच्या दाराने सहा वर्षांसाठी आत येतो. आणि हे सभागृह कधी विसर्जितही होत नाही.

आपल्यातील काही मित्र विचारतात : शिक्षक चळवळीच्या नेत्यांना येथे व्यासपीठ मिळाले, ते का सोडावे? ते सोडावे असे आम्ही म्हणत नाही. सभागृह आहे तोवर तेथे लढलेच पाहिजे. परंतु शिक्षकांचे बळ त्यांच्या संघटनेत आणि संपात आहे, सात राखीव बाकांत नाही. एका जागेच्या आशेने सार्वत्रिक मताधिकाराची बाजू सोडणे, हा सौदा महागाचा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जिथे परिषद नाही तिथे ती येऊ देऊ नये. जिथे आहे तिथे १६९ व्या कलमान्वये ती रद्द व्हावी. कायदा जनतेवर चालतो. तो करणारा प्रत्येक सदस्य जनतेच्या मतातूनच आला पाहिजे.