मित्र, वरुण आणि अदृष्ट

शिंदखेड्याकडे पौषात हवा इतकी कोरडी असते की रात्री अंगातून लोकरी स्वेटर काढताना ठिणग्या नुसत्या ऐकू येत नाहीत, अंधारात दिसतातही. कोकणात हे इतके सहज घडत नाही. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि साचलेला प्रभार त्यावाटे निघून जातो. या ठिणगीचे कारण विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हल्ली दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले पाठ्यपुस्तकी : घर्षणाने विद्युतप्रभार निर्माण होतो. दुसरे स्वतःला पर्यायी म्हणवते : हे सारे अगस्त्य ऋषींना ठाऊक होते, आणि 'मित्र' व 'वरुण' ही धन आणि ऋण विजेचीच नावे होत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञानप्रणाली' अभ्यासक्रमात आली असल्यामुळे या दुसऱ्या उत्तराला वर्गाचे दार उघडे झाले आहे. पदार्थविज्ञानवाल्यांनी त्याचा समाचार घ्यावा, आपण कशाला मध्ये पडा, ही साहित्याच्या अध्यापकांची भूमिका आम्हांला मान्य नाही. हा दावा प्रयोगशाळेतून आलेला नसून वाचनातून आलेला आहे. आणि वाचन हा तर आपला व्यवसाय.

संबंधित श्लोकांची हकीकत अशी सांगितली जाते की शिल्पशास्त्राचे अभ्यासक रावसाहेब कृष्णाजी वझे यांना उज्जैन येथे अगस्त्यसंहितेची काही पाने मिळाली. वझ्यांचा व्यासंग आम्ही नाकारत नाही. परंतु अगस्त्यसंहिता म्हणून अभ्यासकांना परिचित असलेला ग्रंथ रामोपासनेचा आहे. श्लोकांत मात्र मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद, ओला भुसा, जस्त आणि पारा अशी सामग्री येते. ही यादी १८३६ च्या डॅनियल घटाशी कमालीची मिळतीजुळती आहे. त्या सामग्रीतून वीज मिळेल, यात आश्चर्य नाही. तांबे, मोरचूद आणि जस्त यांचा तो धर्मच आहे. म्हणून "करून पाहिले, दिवा लागला" या युक्तिवादाने घट सिद्ध होतो, श्लोकांचे वय नव्हे.

शब्दांची गंमत याहून मोठी आहे. याच श्लोकांतून पाण्याचे विघटन होऊन 'प्राण' आणि 'उदान' वायू निघतात असे वाचले जाते, आणि प्राण म्हणजे ऑक्सिजन असे लगेच सांगितले जाते. का? तर मराठीत ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतात म्हणून! परंतु हा अर्थ आधुनिक काळात, परक्या संकल्पनेसाठी आपण त्या जुन्या शब्दाला दिला. आयुर्वेदात प्राण आणि उदान हे देहातील पंचवायूंपैकी दोन आहेत. आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढायची आणि पूर्वजांच्या नावे जमा करायची, असा हा प्रकार आहे. 'विद्युत' शब्दाचेही तेच. संस्कृतात विद्युत म्हणजे आकाशातली वीज. काच घासून मिळणारी शक्ती आणि ढगांतली वीज एकच, हे १७५२ च्या प्रयोगांनी दाखवले. त्यानंतरच दोहोंना एक शब्द शोभू लागला. ऋग्वेदातले मित्र आणि वरुण ऋताचे, करारमदारांचे रक्षक आहेत. त्यांना बॅटरीच्या टोकांवर बसवणाऱ्याने ती सूक्ते वाचलेली नाहीत, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

आणि जे खरोखर आपल्या परंपरेत आहे, त्याकडे या मंडळींचे लक्षच नाही. वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायात सुईच्या चुंबकाकडे सरकण्याचे कारण 'अदृष्ट' असे दिले आहे. शंकरमिश्रांच्या उपस्कार टीकेत तृणमण्याकडे जाणारी गवताची काडीही त्याच पंक्तीत येते. तृणमणी म्हणजे अंबर, ज्याच्या ग्रीक नावावरून इलेक्ट्रिसिटी हा शब्द आला. अदृष्ट या संज्ञेत धर्माधर्माचा अर्थही आहे, हे आम्ही विसरत नाही. तरीही हालचाल दिसते आणि कारण दिसत नाही, एवढा भेद सूत्रकाराने राखला आहे.

पर्यायी सिद्धान्तांना आमचा विरोध नाही. १७३३ च्या सुमारास द्यु फे यांनी काचेची आणि राळेची अशा दोन विजा मानल्या. फ्रँकलिन यांनी एकच द्रव मानून त्याचे आधिक्य आणि उणीव असा जमाखर्च मांडला. आपले धन-ऋण त्याच हिशेबातले. दोघांच्याही सिद्धान्तांना प्रयोगाने अडचणीत आणता येत होते. पाठ्यपुस्तकी उत्तरही कच्चेच आहे : घासण्याने प्रभार निर्माण होत नाही, तो एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर जातो, आणि त्याला नुसता स्पर्शही पुरतो. विद्युतरोधक पदार्थांत नेमके काय जाते, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचेच कण, यावर वाद चालू आहे. २०११ साली 'सायन्स'मधील एका निबंधाने दाखवले की प्रभारित पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसून दोहोंच्या ठिपक्यांची नक्षी असते. २०२५ साली 'नेचर'मध्ये आले की एकाच पदार्थाचे नमुने पुन्हा पुन्हा एकमेकांस टेकवले, तर अधिक स्पर्श झालेला नमुना ऋण होऊ लागतो. म्हणजे प्रश्न जिवंत आहे. विद्यार्थ्याला तो अगस्त्यांनी सोडवला असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातला प्रश्न काढून घेणे होय.

म्हणून आमची मागणी पाठचिकित्सेची आहे. विद्युत्घटाचे श्लोक वर्गात शिकवू इच्छिणाऱ्यांनी आधी पोथी दाखवावी : ती कोणत्या संग्रहात आहे, लिपी कोणती, लेखनकाल काय, आणि त्या श्लोकांच्या मागच्या-पुढच्या पानांवर काय लिहिले आहे.